अंतराळातला बेलिफ

स्वतःच्या घराचं दारसुद्धा ते तीनदा वाजवायचे. मग एक पाऊल मागं, अर्धं पाऊल डावीकडं सरकून उभे राहायचे आणि आपलं संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, खणखणीत आवाजात सांगायचे. आतून काकू ओरडायच्या, "उघडंच हाय! इतकी वर्सं झाली, दिवसाची कडी लावलेली बघितली का तुमी कधी?" त्यावर काका शांतपणे म्हणायचे, "उघडं असलं तरी इचारावं लागतं. दार दुसऱ्याचं असतं."

बत्तीस वर्षं कोर्टात बेलिफ म्हणून काढलेल्या माणसाची ही सवय. बेलिफ म्हणजे समन्स, नोटिसा, जप्तीचे हुकूम घेऊन लोकांच्या दारात जाणारा माणूस. या नोकरीत मिळालेल्या सगळ्या सवयी त्यांनी निवृत्तीनंतरही तशाच सांभाळल्या, आणि वर त्या थेट अवकाशात नेल्या. कारण निवृत्त झाल्यावर लोक शेती बघतात, नातवंडं सांभाळतात, फार तर सोसायटीच्या चेअरमनशी भांडतात. आमच्या काकांनी मालिका काढली. फरार आरोपींना ग्रहाग्रहांवर शोधून पकडणाऱ्या आणि त्याबद्दल इनाम घेणाऱ्या लोकांची मालिका. शहरातल्या केबलवर दर रविवारी सकाळी ती लागायची, भजनं संपल्यावर आणि साड्यांच्या सेलची जाहिरात सुरू होण्याआधी. त्या मालिकेची कप्तान मी होते. मला या गोष्टीचा अभिमान आहे आणि तो मी लपवणार नाही. लपवालपवीत माझी बरीच वर्षं आधीच वाया गेली आहेत.

मी मूळची कन्नड तालुक्यातल्या पिशोर गावची. घरी शेती, आणि घरातलं एक तरी माणूस शहरात असावं ही वडिलांची हौस, म्हणून मी शिकायला इथं आले. कॉलेजच्या पहिल्याच वर्षी वर्गासमोर उभं राहून पाच मिनिटं बोलायचं होतं. मी 'लई' म्हणाले तेव्हा पुढचा बाक हसला. 'नाय' म्हणाले तेव्हा मधले हसले. 'व्हय' म्हणेपर्यंत हशा मागच्या भिंतीपर्यंत पोचला होता. शिकवणाऱ्या बाईही हसल्या, आणि त्या प्रेमानं हसल्या, तेच जास्त लागलं. त्या दिवसापासून मी शहरात बोलायचं जवळजवळ सोडलं. पुढं उस्मानपुऱ्यातल्या एका टायपिंग सेंटरवर नोकरीला लागले, तिथं माझं काम तीन वाक्यांत भागायचं. 'हो', 'नाही' आणि 'उद्या या'. ही तीन वाक्यं मी आरशासमोर उभी राहून घासूनपुसून घेतली होती. गावाला फोन करायचा तर गच्चीवर जाऊन करायची, शेजारणीला ऐकू जाऊ नये म्हणून.

काका त्या सेंटरवर मालिकेचं हस्तलिखित घेऊन आले; तोवर आमची ओळखही नव्हती. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं होतं, बारीक अक्षर दिसत नव्हतं, म्हणून टाइप केलेलं मी त्यांना वाचून दाखवायचं असं ठरलं. मी आपलं शाळेतल्या प्रार्थनेच्या सुरात वाचायची. ते डोळे मिटून ऐकायचे आणि मधेच विचारायचे, "हे कोण बोलायलंय?" मी म्हणायची, "मी." ते म्हणायचे, "तू नाय. तू आली नायस अजून." मला वाटायचं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय.

एक दिवस प्रिंटरमध्ये कागद अडकला. तो रोजच अडकायचा, पण त्या दिवशी माझ्या पोटात अन्न नव्हतं आणि दुकानात काकांशिवाय कुणी नव्हतं. मी प्रिंटरच्या टाळक्यावर थाप मारली आणि म्हणाले, "आरं लई झालं तुझं! सोड की तेवढा कागद! काहून रोज रोज जीव खातूस?"

काकांनी डोळे उघडले. खुर्चीतून उठले, प्रिंटरजवळ आले, मग माझ्याकडं वळले. "हां," ते म्हणाले, "ही कप्तान."

मी चांगलीच घाबरले. नाही नाही म्हणाले. घासूनपुसून ठेवलेलं 'नाही'. त्यांनी ते ऐकूनच घेतलं नाही. कन्नड तालुक्यात समन्स घेऊन फिरताना त्यांना कळलेली एक गोष्ट त्यांनी मला सांगितली. कोर्टाच्या कागदावरची मराठी दारात उभं राहून जशीच्या तशी वाचली, तर माणूस पांढराफटक पडतो, मान डोलावतो आणि त्याला काडीचंही समजत नाही. तोच कागद त्याच्या बोलीत सांगितला, की तो विचारतो, भांडतो, शिव्या देतो, पण तारखेला हजर राहतो. "शिव्या देणारा माणूस यायचाच," काका म्हणाले. "तुझ्या आवाजात समन्स बजावलं, तर शनीवरचा माणूसबी तारखेला येईल."

शनीवरच्या माणसाची ही कल्पना त्यांना सुचली ती पिशोरच्या रस्त्यावर. बस बंद पडली होती, सगळे प्रवासी खाली उतरून डोंगराकडं बघत बसले होते, आणि काकांच्या मनात आलं, उद्या माणसं दुसऱ्या ग्रहावर राहायला गेली तर तिथंही भाऊबंदकी होणार. भाऊबंदकी झाली की दावा होणार. दावा झाला की समन्स निघणार. आणि समन्स निघालं की ते न्यायला कोणीतरी लागणारच. "शास्त्रज्ञ यानाचा इचार करतेत," ते म्हणायचे, "बेलिफाचा कुणीच करत नाय." तोवर त्यांनी अवकाशातला एकही परदेशी सिनेमा पाहिला नव्हता. पुढं कुणीतरी एक दाखवला तर तो त्यांना मुळीच आवडला नाही. म्हणाले, "एवढ्या गोळ्या झाडल्या आणि पंचनामा नाय केला?"

आमच्या मालिकेत पंच असल्याशिवाय बंदूक उचलायची नाही असा नियम होता. दोन पंच, तेही त्याच ग्रहावरचे रहिवासी. त्यामुळं निम्मा भाग पंच शोधण्यातच जायचा आणि पंच मिळेपर्यंत आरोपी स्वतःच कंटाळून बाहेर यायचा. पाठलाग आमच्याकडं नव्हताच. एक तर पाठलाग करायला दोन यानं लागतात, आमच्याकडं एकच होतं. दुसरं म्हणजे काकांचा त्यावर विश्वास नव्हता. "माणूस घरीच असतो," हे त्यांचं आवडतं वाक्य. "फक्त दारात नसतो. पळणाऱ्याच्या मागं पळू नाय. त्याच्या दारात बसावं." त्यामुळं आमचे अवकाशातले शूर शिकारी भागामागून भाग कुणाच्या ना कुणाच्या दारात बसलेले असायचे, आणि समन्स बजावून होईपर्यंत त्या घरचं पाणीही प्यायचे नाहीत. हाही काकांचाच नियम. नोकरीत त्यांनी तो कधी मोडला नाही. पाणी प्यालं की माणसाचं मन मऊ पडतं, मग कागद खिशातून निघत नाही, असं त्यांचं म्हणणं.

मालिकेचं नाव त्यांनी ठेवलं 'अंतराळातले इनामदार'. किल्ला सांभाळतो तो किल्लेदार, ठाणं सांभाळतो तो ठाणेदार, तसा इनाम घेतो तो इनामदार, असा त्यांचा सरळ हिशेब. व्याकरणात त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण आमच्या मराठवाड्यात इनाम म्हटलं की कुणाच्या डोळ्यांसमोर बक्षीस येत नाही, जमीन येते. निजामाच्या काळात मिळालेली आणि अजून कुणाच्या ना कुणाच्या नावावर व्हायची राहिलेली जमीन. पहिला भाग लागला आणि सोमवारी सकाळी एक वयस्कर गृहस्थ उर्दू कागदांचं गाठोडं घेऊन काकांच्या दारात हजर. अंतराळातली ही इनाम जमीन कोणत्या तालुक्यात येते आणि फेरफार कुठं करायचा, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. दुसरा कुणी असता तर पोट धरून हसला असता. काकांनी त्यांना बसवलं, ऑपरेशननंतर मिळालेला नवा चष्मा लावला आणि दुपारभर ते कागद वाचले. त्यांना उर्दू वडिलांनी शिकवली होती. कुठली नक्कल काढायची, कुणाकडं अर्ज द्यायचा, सगळं लिहून दिलं. ते गृहस्थ मग दर रविवारी मालिका बघायचे आणि सोमवारी तक्रार करायचे, "गोष्ट चांगली हाय, पण जमीन कुठं आली अजून?" शेवटी काकांनी त्यांच्यासाठी एक भाग लिहिला. त्यात गुरूच्या एका चंद्रावर शंभर एकर इनाम जमीन निघते आणि सातबारा मिळत नाही. तो भाग आमच्या जिल्ह्यात सगळ्यात जास्त गाजला.

आमचं यान पत्र्याचं होतं. मुकुंदवाडी स्टेशनजवळ काकांच्या एका दोस्ताची कुलर बनवायची शेड होती. या चाचांचं सगळं आयुष्य पत्र्यात गेलेलं. काकांनी यानाचा नकाशा पुढं केला तेव्हा चाचा बराच वेळ तो उलटासुलटा करून बघत राहिले आणि म्हणाले, "साब, ये राकेट बनाना है के कुलर?" काका म्हणाले, "दोनो. थंडी में राकेट, गरमी में कुलर." आणि अक्षरशः तसंच झालं. दिवाळी झाली की कुलरच्या बॉड्या जोडून यान उभं राहायचं. होळी झाली की ते सुटं व्हायचं आणि त्याला जाळ्या, पंखे लागून शहरभर विकलं जायचं. म्हणून आमची मालिका फक्त हिवाळ्यात चालायची. आजही शहरात कितीतरी घरांत आमच्या यानाचे तुकडे गार वारा देत असतील.

स्टेशन जवळ असल्यामुळं दर थोड्या वेळानं गाडी धडधडत जायची आणि संवादांचा चुराडा व्हायचा. काकांनी गाड्यांचं वेळापत्रक पाठ केलं आणि त्या वेळा बघून संवाद लिहिले. गाडीचा आवाज आला की मी हात वर करून म्हणायची, "थांबा, उल्का चाललीय." सगळे थांबायचे, पत्रा थरथरायचा, उल्का मनमाडच्या दिशेनं निघून जायची आणि गोष्ट पुढं सरकायची.

ग्रहांसाठी आम्ही पिशोरकडच्या उघड्या डोंगरांवर जायचो. तिथं एकदा ऐन प्रसंगात शंभरेक मेंढरं शिरली. मेंढपाळ मागून काठी टेकत आला. काकांनी कॅमेरा बंद करू दिला नाही. ते त्याला म्हणाले, "पावणं, पंच व्हता का?" त्यानं विचारलं, "काय करावं लागतं?" काका म्हणाले, "जे बघितलं ते सांगायचं. खोटं नाय." मेंढपाळ म्हणाला, "मंग व्हतो की." आणि माझ्याकडं, माझ्या चंदेरी पोशाखाकडं आणि डोक्यावरच्या हेल्मेटाकडं शांतपणे बघत त्यानं कॅमेऱ्यासमोर जे बघितलं ते सांगितलं, "एक बाई हाय. डोस्क्यात पाण्याचा जार घातलाय. गरीब दिसती, पर भेत नाय कुणाला." त्या भागातलं सर्वांत चांगलं वाक्य तेच होतं.

हेल्मेट खरंच पाण्याच्या जारचं होतं. तो कापून आत स्पंज लावलेला. माझा चेहरा त्यात धुक्यातल्यासारखा दिसायचा आणि आवाज तर घुमून वायाच जायचा. म्हणून आवाज नंतर वेगळा घ्यायचो, काकांच्या घरी, दोन गोधड्यांच्या आत मोबाइल धरून. आत घामाची धार लागायची. बाहेर काका पलंगावर बसून ऐकायचे आणि माझ्या तोंडून चुकून पुस्तकी शब्द निघाला की गोधडीवर टिचकी मारायचे. त्या गोधड्यांत मी पहिल्यांदा या शहरात मोठ्यानं बोलले. मालिकेत माझं म्हणून जे काही होतं, ते या आवाजातच होतं.

काका शूटिंगला बोलावणंही समन्सनंच धाडायचे. 'आपण अमुक दिवशी अमुक वाजता जातीनं हजर राहावे, कसूर केल्यास एकतर्फी निर्णय घेतला जाईल' असा कागद खळ लावून माझ्या खोलीच्या दारावर चिकटवून जायचे. माझ्या घरमालकीणबाईंनी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा माझं सामान बाहेर काढायची तयारी केली होती. काकांनी स्वतः येऊन, तीनदा दार वाजवून, अर्धं पाऊल बाजूला उभं राहून त्यांना सगळा खुलासा केला. त्यानंतर बाईंनी मालिकेत एखादी तरी भूमिका द्या म्हणून माझ्यामागं तगादा लावला.

हे सगळं विनोदी आहे, हसा खुशाल. पण या माणसाच्या मनात एक जुनी सल होती आणि ती मला काकूंनी सांगितली. बत्तीस वर्षांत त्यांना बघून कुणी खुशीनं दार उघडलं नव्हतं. गावात शिरले की बायका पोरांना आत घ्यायच्या, माणसं मागच्या दारानं शेतात पळायची. लग्नाच्या मांडवात ते पाहुणे म्हणून गेले तरी चार माणसं हळूच उठून जायची. "ह्यांना काय पैसा नको, काय नको," काकू म्हणाल्या, "टीव्हीवर नाव यावं आन् लोकांनी आपल्याला बघून पळू नाय, एवढंच पायजे." काकू मालिकेला येता-जाता नावं ठेवायच्या, पण माझा चंदेरी पोशाख त्यांनीच शिवला होता, आणि दर भागाआधी त्याला इस्त्रीही त्याच करायच्या.

आता काका नाहीत. शेडमध्ये बाराही महिने फक्त कुलर बनतात. शेवटचा आरोपी पकडायचा राहूनच गेला, आणि मालिकेचं घोडं केबलच्या पुढं कधी गेलं नाही. लोक मला म्हणतात, बिचाऱ्यांचं स्वप्न अपुरं राहिलं. मी त्यांना सांगते, अपुरं राहिलं नाही, त्यांनी ते नाकारलं. आणि नाकारलं ते आधी मी. ते कसं, तेच सांगायचं आहे.

आमच्या एका भागाचा तुकडा मोबाइलवर फिरला. मी एका आरोपीच्या दारात उभी राहून म्हणते, "दार उघिड बाबा. तू आत हायस ते मला बी ठावं हाय आन् तुला बी. नाय उघाडलंस तर चिकटवून जाईन, मंग आख्खा ग्रह वाचंल." लोकांना तो इतका आवडला, की मुंबईच्या एका वाहिनीचा माणूस आम्हाला शोधत आला. वयानं तरुण, बोलायला नम्र. त्याला पूर्ण मालिका नव्यानं करायची होती. मोठा सेट, खरं यान, लेखक म्हणून काकांचं नाव सुरुवातीलाच, एकट्याचं, मोठ्या अक्षरांत. कप्तान म्हणून मीच राहणार. फक्त एक गोष्ट. "ताईंचा आवाज आम्ही बदलू," तो म्हणाला. "हेल्मेटमुळं ओठ दिसतच नाहीत, त्यामुळं सोपं आहे. सगळ्या महाराष्ट्राला समजायला हवं ना."

काकांनी आठ दिवस मागून घेतले. ते तिथंच नाही म्हणाले असते तर गोष्ट वेगळी झाली असती, पण ते संत नव्हते. त्यांनी नवा शर्ट घेतला. कोर्टासमोरच्या चहाच्या टपरीवर जुन्या सहकाऱ्यांना सांगून आले. आणि टायपिंग सेंटरवर येणं बंद केलं.

पाचव्या दिवशी मीच त्यांच्या घरी गेले. रस्त्यात सगळं ठरवून ठेवलं होतं. आपला आवाज तो काय, ज्याला वर्गभर हसले तो. त्यापायी या माणसाचं आयुष्यभराचं मागणं अडवायचं? मी म्हणाले, "काका, देऊन टाका. मला काय फरक पडत नाय."

ते मला कधी रागावले नव्हते, त्या दिवशी रागावले. "देऊन टाकू? माझा हाय का तो? कागद तुझ्या नावाचा हाय. तुझ्या नावचं समन्स मी घेतलं तर मी कसला बेलिफ? ज्याच्या नावचं, त्याच्याच हातात. तू त्या माणसासमोर ये आन् तुझ्या तोंडानं सांग. व्हय म्हण नाय तर नाय म्हण, मी तसं लिहून घेईन. पर 'फरक पडत नाय' हे उत्तर मी घेत नसतो." मग आवाज उतरवून म्हणाले, "आन् एक सांगतो. तू व्हय म्हणावं असं मला लई वाटायलंय. म्हणून तर मी तुला तोंड दाखवलं नाय." काकू चुलीपाशी पाठमोऱ्या बसून होत्या.

आठव्या दिवशी स्टेशन रोडच्या एका हॉटेलात आम्ही त्या माणसाला भेटलो. त्यानं लॅपटॉप उघडला. नमुना म्हणून त्यांनी आमचाच तो दारातला प्रसंग मुंबईच्या एका मुलीच्या आवाजात करून आणला होता. 'दार उघडा. आपण आत आहात हे आपल्याला दोघांनाही ठाऊक आहे.' आवाज खरोखर सुंदर होता. स्वच्छ, कुठं खडा नाही. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की कॉलेजात मला असं बोलता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

काका म्हणाले, "परत लावा." परत ऐकलं. मग ते उभे राहिले. नवा शर्ट सारखा केला आणि कोर्टात हजेरी द्यावी तसं त्या माणसाला म्हणाले, "जप्तीला गेलो की काय घेता येत नाय, याची यादी आमाला पाठ असते. तोंडपाठ. अंगावरचे कपडे घ्यायचे नाय. सैपाकाची भांडी घ्यायची नाय. अंथरूण-पांघरूण नाय. बाईच्या गळ्यातलं मंगळसूत्र नाय. शेतकऱ्याचे बैल नाय, औत नाय, बियाणं नाय. कारागिराची हत्यारं नाय. माणूस कितीबी बुडाला तरी एवढं त्याचंच ऱ्हातं. आता तुमी सांगा, आवाज ह्यात कुठं बसतो?"

तो माणूस गडबडला. "काका, आम्ही काही जप्त करत नाही आहोत."

"मग मागायला आलात. मागायचं तर तिच्याकडं मागा. ती बसलीय."

त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि खरंच विचारलं, "ताई, तुमची हरकत आहे का?"

मी तोंड उघडलं. "माझी काहीच हरकत..." एवढं वाक्य तयार होतं, आरशासमोर घासलेलं. ते तिथंच अडकलं, प्रिंटरमधल्या कागदासारखं. काका माझ्याकडं बघतही नव्हते. खिडकीबाहेर बघत उभे होते आणि त्यांचे हात पाठीमागं घट्ट धरलेले होते. त्यांना काय ऐकायचं होतं, ते मला माहीत होतं. आणि त्यांनी मला काय शिकवलं होतं, तेही माहीत होतं.

"हाय," मी म्हणाले. "हरकत हाय. त्या ताईचा आवाज लई गोड हाय, मी खोटं नाय बोलणार. पर ती दारात हुबी ऱ्हायली तर आतला माणूस दार उघडायचा नाय. त्याला वाटंल शेजारी टीव्ही चालू हाय. समजत नाय म्हणता ना दादा? आमाला तुमची भाषा कुठं समजत व्हती? ऐकून ऐकून समजली. तुमी बी ऐका. दोनदा ऐका, तीनदा ऐका, येईल. ह्या बोलीला वर्गात हसले तवा मी गप बसले, कैक वर्सं गप बसले. आता नाय बसणार. माझं तोंड दाखवू नका, चालंल. नाव लिहू नका, चालंल. आवाज मी नाय देणार."

चहा घेऊन आलेला वेटर ट्रे हातात धरून तसाच दारात थांबला होता.

काकांनी टेबलावरचं वाहिनीचं पत्र उचललं, उलटं केलं आणि खिशातलं पेन काढून पाठीमागं लिहू लागले. लिहून झाल्यावर मोठ्यानं वाचलं, "पक्षकारास समक्ष भेटून, त्यांना समजेल अशा भाषेत वाचून दाखविले. घेण्यास नकार." माझी सही घेतली. मग त्या तरुणाला आणि वेटरला पंच म्हणून सह्या करायला लावल्या. दोघांनीही निमूटपणे केल्या. काका कागदावर फुंकर घालत म्हणाले, "बत्तीस वर्सं 'घेण्यास नकार' लिहीत आलो. आजवर भ्यालेल्या माणसाचाच नकार बघितला व्हता."

आम्ही खाली आलो. स्कूटरला किक मारता मारता ते थांबले. पुन्हा मारली, पुन्हा थांबले. मी म्हणाले, "काका, खरं सांगा. वाईट वाटलं का?"

"व्हय," ते म्हणाले. "लई वाटलं." डोळे पुसले, लपवले नाहीत. मग म्हणाले, "तू बोलू लागलीस ना, तवा तो पोरगा खुर्चीतून उठून हुबा ऱ्हायला. त्याचं त्याला बी कळलं नसंल. जिंदगीभर मी माणसं पळताना बघितली. हुबी ऱ्हाताना आज बघितलं. तू बघितलंस का?"

मी नव्हतं बघितलं. मी बोलत होते.